नाकाखालपासून हनुवटीपर्यंत

मी एक व्हर्नियर कॅलिपर बोलतोय. नाव ऐकून लगेच पान उलटू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही मला नक्की हातात घेतलं असेल, माझ्या बारीक रेघांकडे एक डोळा मिटून पाहिलं असेल आणि शेवटी शेजारच्याच्या वहीतला आकडा उतरवून घेतला असेल. माझा काही राग नाही. इथे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात तर मला या नावानं कुणी हाकच मारत नाही. इथे मी 'पाना' आहे. ज्यानं नट आवळतात तो पाना. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकही नट आवळलेला नाही, पण लोकांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

दिसायला मी साधा आहे. एक पोलादी पट्टी, तिच्यावर रेघा, एका टोकाला पक्का बसवलेला जबडा आणि त्याच्यासमोर मागेपुढे सरकणारा दुसरा. दोघांच्या मध्ये काहीतरी धरायचं आणि ते केवढं आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. सरकत्या जबड्यावर एक छोटासा स्क्रू आहे. तो आवळला की माप जागच्या जागी राहतं. त्या स्क्रूबद्दल मला तुमच्याशी जरा बोलायचं आहे, पण ते शेवटी.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एका कारखान्यात पुष्कळ भावंडांबरोबर घडलो, तेलकट कागदात गुंडाळला गेलो आणि नागपूरच्या एका हत्यारांच्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिलो. तिथून मला चैतराम गजभिये यांनी उचललं. भरवेलीच्या मँगनीज खाणीत ते फिटर होते. त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी शाफ्ट मोजले, बेअरिंग मोजली, पाइपांची तोंडं मोजली. लोखंडाचं एक बरं असतं. शाफ्ट झिजला असेल तर तो झिजलाय असं तोंडावर सांगता येतं. तो रुसत नाही, आणि कालच्या फोटोत बरा दिसत होतो असंही म्हणत नाही.

सुटीच्या दिवशी चैतराम मला घरी आणायचे. बालाघाटच्या वॉर्डातल्या त्या दोन खोल्यांत त्यांची मुलगी समीक्षा माझ्यावर टपून बसलेली असायची. तिनं जांभळं मोजली, पेन्सिली मोजल्या, मांजराचे कान मोजले. एका दुपारी तिनं झोपलेल्या बापाचं नाक मोजलं. चैतराम शिंकून जागे झाले आणि पोरीवर ओरडायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, "किती भरलं?"

ही मुलगी पुढे नागपूरला दातांची डॉक्टर व्हायला निघाली, तेव्हा चैतरामनी मला कानशीवर घेतलं. माझी टोकं सुईसारखी होती. ती त्यांनी गोल केली, मग पॉलिश पेपरनं घासली आणि स्वतःच्या गालावर फिरवून पाहिली.

"मी लोखंड मोजलं," ते म्हणाले. "तू मानसं मोजशीन. कोनाले टोचाले नको."

मला तेव्हा फार राग आला होता. टोकदार असण्याचाच तर मला तोरा होता. पण कॉलेजात गेल्यावर कळलं की त्यांनी माझ्यावर उपकार केले होते.

कॉलेजात समीक्षाच्या वाट्याला एक अभ्यास आला. वय, बाई की पुरुष आणि वजन, या तीन गोष्टींचा मोठ्या माणसांच्या चेहऱ्याच्या मापांशी काय संबंध असतो, हे तिला शोधायचं होतं. मग काय विचारता. शेकडो चेहरे माझ्या जबड्यांमधून गेले. एका कोपऱ्यात वजनाचा काटा, दुसऱ्या कोपऱ्यात मी. काट्यावर चढण्याआधी लोक चपला काढायचे, घड्याळ काढायचे, खिशातला मोबाइल काढायचे आणि एका गृहस्थांनी तर चष्माही काढला. माझ्यासमोर बसले की मात्र काढून ठेवण्यासारखं काही उरायचं नाही. मग ते श्वास रोखायचे आणि गाल आत ओढायचे. बायका विचारायच्या, "माझं नाक जास्त मोठं आहे का हो?" पुरुष काही विचारायचे नाहीत, पण समीक्षा आकडा लिहायला वळली की मान वाकडी करून कागदात डोकवायचे.

वय विचारल्यावर बहुतेक जण आधी छताकडे पाहायचे. मी चेहरा मोजतो, वय मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. पण नाक आणि कान हे दोन इमानी साक्षीदार आहेत. वय वाढत जातं तसे ते हळूहळू लांबतात आणि केसांना कितीही कलप लावला तरी जबानी फिरवत नाहीत.

त्या शेकडो चेहऱ्यांमधून मला जे कळलं ते थोडक्यात सांगतो. पुरुषांचे चेहरे बायकांपेक्षा साधारण मोठेच भरतात, आणि हे ऐकून जे पुरुष छाती काढतात त्यांनी लक्षात ठेवावं की मी फक्त बाहेरून मोजतो. वजन वाढलं की ते चेहऱ्यावर सगळीकडे सारखं वाटलं जात नाही. ते गालांत जाऊन बसतं, जबड्याच्या कोपऱ्यांवर बसतं, हनुवटीखाली पथारी पसरतं. कपाळाकडे ते फिरकत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो दात गेल्यावर. नाकाखालपासून हनुवटीपर्यंतचा भाग आखडून जातो, ओठ आत वळतात आणि हनुवटी नाकाला भेटायला वर निघते.

समीक्षानं हे सगळं सुरेख लिहून काढलं. मास्तरांनी पाठ थोपटली. आणि मग जे सगळ्या अभ्यासांचं होतं तेच झालं. परीक्षा संपली आणि अभ्यास कपाटात गेला.

मी गेलो ड्रॉवरमध्ये. समीक्षानं बालाघाटला बस स्टँडजवळच्या गल्लीत दवाखाना थाटला आणि मी कापसाच्या बोळ्यांच्या शेजारी पडून राहिलो. अधूनमधून तिची मदतनीस गीता मला बाहेर काढायची. बिस्किटांचा डबा उघडायला, पंखा चालू असताना कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला. एकदा तिनं माझ्या टोकानं नखातला मळ काढला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

आणि अशात एक दिवस पुष्पलता मेश्राम आल्या.

पुष्पलताबाई समीक्षाच्याच वॉर्डातल्या. वॉर्डात बौद्ध वस्ती आहे, विहार आहे, आणि विहारात लग्न असलं की पुष्पलताबाईंचं गाणं असायचंच. नवरानवरीनं पंचशील म्हटलं, हार घातले, की लोक मागे वळून त्यांना शोधायचे. गाणं त्यांनी स्वतःच रचलेलं होतं, सासरी निघालेल्या मुलीसाठी. इतक्या वर्षांत वॉर्डातली एकही मुलगी ते गाणं ऐकल्याशिवाय गेलेली नव्हती. समीक्षाच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी ते म्हटलं, तेव्हा चैतराम विहिरीवर तोंड धुवायला म्हणून उठून गेले होते. मी तेव्हा त्यांच्या खिशात होतो. तोंड त्यांनी धुतलं नाही.

पण तरुणपणापासून गुडाखू, म्हणजे तंबाखूचं दंतमंजन, घासून घासून बाईंचे दात एकेक करून गेले. शेवटचा गेल्यापासून त्या तोंडावर पदर धरून बोलायच्या आणि गाणं त्यांनी सोडून दिलं होतं. 'स' म्हणायला गेलं की नुसती हवा निघायची. आणि आता त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, प्रियंकाचं लग्न महिन्यावर आलं होतं.

त्यांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला त्यांचा मुलगा मोहित. लालबर्र्याला एका राइस मिलमध्ये तो मशीन चालवतो. मिलमधल्या तांदळावर त्यानं चांगलं बाळसं धरलेलं होतं, आणि ते झाकायला त्यानं भरघोस दाढी राखली होती.

"गान्याचं राहू दे, बेटा," पुष्पलताबाई पदराआडून म्हणाल्या. "लोकायसमोर तोंड उघडता आलं म्हंजे झालं."

"खोटं बोलून राह्यली," मोहित म्हणाला. "दिवसभर चुलीपाशी गुनगुनते. कोनी आलं का चूप. इले गायचंच हाय."

पुष्पलताबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण नाही म्हणाल्या नाहीत.

कवळी बनवताना सगळ्यात अवघड गोष्ट असते ती तिची उंची. दात असताना नाकाखालपासून हनुवटीपर्यंतचं अंतर केवढं होतं, ते कळायला हवं. पण ते कुणी मोजून ठेवलेलं नसतं. माणसं बांगडीचं माप जपून ठेवतात, ब्लाउजचं ठेवतात, चेहऱ्याचं नाही. समीक्षा बाईंना म्हणाली, तोंड सैल सोडून स्वस्थ बस. त्याबरोबर त्यांनी ते आणखी घट्ट मिटून घेतलं. तोंड झाकायची सवय इतकी मुरली होती की सैल कसं सोडायचं हेच त्या विसरल्या होत्या.

तेव्हा गीता बोलली. "ताई, मोहितभाऊले पाहा ना. मायचंच तोंड काढून लावलं जसं."

बाकावर दाढ धरून बसलेला एक पेशंट म्हणाला, "हौ, बिल्कुल डिट्टो."

मोहितला हे नवीन नव्हतं. जन्मल्यापासून सगळा वॉर्ड त्याला हेच सांगत आला होता. मोहित मायवर गेला आणि प्रियंका बापावर, हे तिथे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. समीक्षाही त्याच वॉर्डातली. तिनंही ते लहानपणापासून ऐकलेलं. तिचा चेहरा उजळला, तिनं ड्रॉवर उघडला, मला पुसलं आणि मोहितला खुर्चीत बसवलं.

मी काय सांगू तुम्हाला. माझा वरचा जबडा त्याच्या नाकाखाली टेकला आणि खालचा दाढीत बुडाला. दाढीच्या खाली हनुवटीची चरबी होती, आणि चरबीच्या आत कुठेतरी खोल त्याचं हाड असणार. मला दाढी, चरबी आणि हाड यांतला फरक सांगता येत नाही. जे पकडायला मिळतं ते मी पकडतो. शिवाय हा पुरुष, आणि ती बाई. हा दणकट, आणि ती मुठीत मावेल एवढी. हा तरुण, आणि ती साठीला टेकलेली. ज्या मुलीनं या तीनही गोष्टींवर रात्री जागवून अभ्यास केला होता, तिनंच त्या तीनही गोष्टी एका दमात विसरून माझा आकडा वाचला. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. गाव एकदा बोलायला लागलं की शिकलेलं माणूस असं पाठ केलेलं विसरतं.

मेणाची कवळी घालून पाहायची वेळ आली तेव्हा तरी चूक कळायला हवी होती. पण पुष्पलताबाईंनी आरशात पाहिलं आणि मान डोलावली. समीक्षा आपल्या वॉर्डातली पोर. आपल्या पोरीनं केलंय म्हणजे चांगलंच असणार, आणि नसलं तरी तिच्या तोंडावर कसं सांगायचं? कवळी गोंदियाच्या लॅबमध्ये गेली आणि पक्की होऊन आली.

ती घातल्यावर पुष्पलताबाई अशा दिसायला लागल्या की कुणीतरी त्यांना अचानक हाक मारली आहे आणि त्या ओ द्यायच्या बेतात आहेत. ओठ ओठाला लागेनात. बोलताना दात एकमेकांवर टकटक आपटायचे. गीता म्हणाली, "काकू, जवान दिसून राह्यल्या." बाकावरची बाई म्हणाली, "छान, छान, सवय होईन." सगळे चांगलं चांगलं बोलले, आणि पुष्पलताबाई तोंडावर पदर ओढून घरी गेल्या.

पुढचं मला प्रियंकाकडून कळलं. लग्नाला दहा-बारा दिवस उरले असताना ती एकटीच दवाखान्यात आली. सडपातळ, सावळी, भुवया जाड, नाक बापासारखं रुंद. बिरसा गावी एका शाळेत शिकवते. तिनं खुर्चीवर बसायच्याही आधी पर्समधून स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. डबीत कवळी होती.

"ताई, मायनं सांगितलं, लग्नात गानार नाई. मोबाइलवर गानं लावून द्या म्हन्ते."

"काहून? बसत नाई का?" समीक्षानं विचारलं.

"मले सांगत नाई काही. तुमाले वाईट वाटंल म्हन्ते." प्रियंका थांबली. मग भराभर बोलली. "सब की शादी में गाया उसने. दुनियाभरच्या पोरीयले गाऊन वाटं लावलं. माह्याच वेळेस चूप. मी बापाची ना, ताई. मायची त नाईच मी. दादाचं लग्न होतं तं तिनं सकाळपासून गायलं, अर्धे दात पडले होते तरी."

हे बोलून ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून, हनुवटी वर उचलून बसून राहिली. टेबलावरून मला तिचा चेहरा समोरच दिसत होता. सगळा वॉर्ड सत्तावीस वर्षं ज्या नाकाबद्दल आणि ज्या भुवयांबद्दल बोलत आला होता, त्या नाकाच्या खाली काय आहे ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पण पान्याला कोण विचारतो?

समीक्षानं डबी उघडली, कवळी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि मला उचललं. कवळीला लावलं, मग मोहितच्या कागदावरचा आकडा पाहिला.

"गीता," ती म्हणाली, "मोहितदादाचं वजन किती असंल?"

"दोन पोते तांदूळ," गीता म्हणाली.

"अन् त्याची दाढी?"

"ते वेगळी."

समीक्षानं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "मी कॉलेजात याच्यावरच अभ्यास केला, गीता. याच्यावरच. बाई का मानूस, वजन किती, वय किती. अन् माह्याच वॉर्डाच्या बाईले मी तिच्या पोराचं तोंड लावून देल्लं."

प्रियंकाला आधी हसू फुटलं, आणि मग हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. तिला एवढंच कळलं होतं की माय रुसलेली नाही, मायचे दातच चुकलेले आहेत. ती तशीच उठली आणि आईला घेऊन यायला गेली.

पुष्पलताबाई आल्या त्या पदर तोंडावर धरूनच. समीक्षानं त्यांचे पाय धरले नाहीत एवढंच. "मावशी, चूक माही हाय. तू त्या दिवशी बोलली काहून नाई?"

"तू आपली पोर," बाई म्हणाल्या. "चार लोकायसमोर तुह्या कामाले नाव ठेवू का?"

"आता ठेव. जेवढं ठेवाचं तेवढं ठेव."

समीक्षानं कवळीच्या जागी गरम मेणाच्या नव्या कडा बनवल्या आणि त्यांच्या तोंडात बसवल्या. पुस्तकाप्रमाणे अशा वेळी पेशंटला 'स' असलेले आकडे म्हणायला लावतात. ती म्हणाली, "मावशी, म्हन, सहासष्ट."

पुष्पलताबाईंनी छताकडे पाहिलं.

"सहासष्ट म्हन ना."

"मले साठ लागलं नाई अजून," पुष्पलताबाई म्हणाल्या आणि प्रियंका खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळली.

मी सांगितलं होतं ना, वय विचारलं की लोक काय करतात ते.

समीक्षा हरली. तिनं आरसा उलटा करून ठेवला, मला बाजूला ठेवलं आणि स्टूल ओढून बाईंच्या समोर बसली. "बरं, आकडे राहू दे. मी काही मोजत नाई. तू तुहं गानं म्हन. तोंड कसं दिसते ते पाहू नको, कानानं ऐक. जिथं 'स' बिघडला तिथं थांब."

बाईंनी पहिल्यांदा मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांची नजर खिडकीपाशी पाठ करून उभ्या असलेल्या लेकीकडे गेली. आणि त्यांनी हळूच सुरुवात केली.

"सासरच्या वाटं सोबत सावली, सावलीच्या आड उभी तुही माउली..."

पहिल्या शब्दालाच शीळ वाजली. त्या थांबल्या. समीक्षानं मेण बाहेर काढलं, गरम सुरीनं एक पापुद्रा उतरवला आणि परत घातलं. पुन्हा गाणं. पुन्हा शीळ, पण जरा कमी. पुन्हा पापुद्रा. गाता गाता बाई विसरल्या की आपण दवाखान्यात आहोत. पदर कधी खाली आला ते त्यांना कळलंच नाही. तोंड आपोआप सैल झालं, कारण गाणाऱ्या माणसाला ते घट्ट मिटून ठेवता येत नाही. बाकावरचे पेशंट दार ढकलून आत येऊन उभे राहिले आणि एकालाही आपल्या दाढेची आठवण राहिली नाही.

आणि मग एकदा 'सासरच्या' हा शब्द स्वच्छ आला. पाण्यातून काढलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. बाईंनी गाणं थांबवलं नाही. ओळ पुरी केली, दुसरी म्हटली, आणि मग स्वतःच चकित होऊन समीक्षाकडे पाहिलं.

"हलू नको, मावशी," समीक्षा म्हणाली आणि तिनं मला उचललं.

नाकाखालपासून हनुवटीपर्यंत. मी अगदी हलक्या हातानं धरलं. समीक्षानं रेघ वाचली आणि स्क्रू आवळला. आवळता आवळता ती थांबली. तिची नजर पुष्पलताबाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. तिथे प्रियंका ओठ मिटून, हनुवटी वर उचलून उभी होती.

"प्रियंका, इकडं ये. बस."

"मी काहून?"

"बस म्हन्ते ना."

स्क्रू तसाच आवळलेला ठेवून समीक्षानं मला प्रियंकाच्या चेहऱ्याला लावलं. शेकडो चेहरे मी पाहिले आहेत, पण असं मी कधी अनुभवलं नव्हतं. वरचा जबडा नाकाखाली टेकला आणि खालचा हनुवटीखाली असा जाऊन बसला जसा तिथेच घडवला होता. ना ढिला, ना घट्ट. दोघीही बायका, हाड तसंच बारीक, अंगावर मांस तेवढंच कमी. वय तेवढं वेगळं, आणि वयानं जे नेलं होतं ते समीक्षाच्या मेणानं आत्ताच परत आणून दिलं होतं.

"मावशी," समीक्षा म्हणाली, "तुहं तोंड मोहितदादापाशी नाई. इच्यापाशी हाय."

"ते त बापावानी दिसते," गीता म्हणाली.

"नाकापर्यंत. तेच्याखाली कोनी पाहिलंच नाई."

पुष्पलताबाई उठल्या. मेण अजून तोंडातच होतं. त्यांनी लेकीची हनुवटी चिमटीत धरली, इकडे वळवली, तिकडे वळवली. मग स्वतःची हनुवटी चाचपली. मग पुन्हा तिची. प्रियंकानं इतका वेळ दाबून धरलेलं रडू तेव्हा बाहेर आलं, आणि आई तिच्या हनुवटीवरून अंगठा फिरवत राहिली.

नवी कवळी लग्नाच्या आदल्या दिवशी आली. गोंदियाला जाऊन ती घेऊन आला मोहित. आपल्या तोंडानं एवढा घोटाळा झाला याची त्याला बिचाऱ्याला इतकी लाज वाटत होती की त्यानं दाढीही काढून टाकली होती. दाढीखालून निघालेली हनुवटी पाहून वॉर्डातल्या बायका बुचकळ्यात पडल्या. ती कुणावर गेली होती ते त्यांना अजूनही ठरवता आलेलं नाही.

लग्नाला मीही गेलो. समीक्षा दवाखान्यातून परस्पर विहारात गेली, आणि मी तिच्या पर्समध्येच होतो. पर्समधून मला फार काही दिसलं नाही, पण ऐकू सगळं आलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार झाले. मग खुर्च्या करकरल्या. लोक मागे वळून पाहत होते. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि पर्सच्या अंधारात मला वाटलं, संपलं सगळं. आणि मग ती ओळ आली.

"सासरच्या वाटं सोबत सावली..."

एकही शीळ नाही, एकही टकटक नाही. गाणं संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, नुसती नाकं ओढल्याचे आवाज आले. प्रियंका निघताना आईजवळ आली असावी, कारण मागच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज ऐकू आला. "पाहा त बाई, दोघी एकाजागी उभ्या राह्यल्या त कशा दिसून राह्यल्या. पोरगी अगदी मायवानी." बाजूच्या दोघीचौघी म्हणाल्या, हौ, आम्ही त आधीपासूनच म्हणत होतो.

माणसांचं असंच असतं. मला त्यांचं हसू येतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी हसायचं सुचलं नाही.

लग्नानंतर काही दिवसांनी पुष्पलताबाई हिरड्या दाखवायला आल्या. तपासून झाल्यावर त्या उठल्या नाहीत. "तो पाना दे बेटा जरासा," म्हणाल्या. समीक्षानं मला त्यांच्या हातात दिलं. त्या दिवशी आवळलेला स्क्रू तिनं अजून सैल केलेला नव्हता. बाईंनी मला उजेडात धरलं आणि माझ्या दोन जबड्यांमधल्या मोकळ्या जागेतून पलीकडे पाहिलं.

"एवढुसंच त हाय," त्या म्हणाल्या. "एवढुसं. घरात होती त मले दिसलं नाई. आता आरशात पाह्यतो त तेच दिसते."

त्यांनी मला पदरानं पुसलं आणि हळूच टेबलावर ठेवलं.

आता माझं वय झालंय. समीक्षानं माझ्या जागी एक डिजिटल भाऊ आणला आहे. त्याच्या छोट्या खिडकीत आकडे दिसतात, रेघा वाचायला डोळे बारीक करावे लागत नाहीत, आणि बॅटरी संपली की तो सरळ झोपी जातो. मला परत ड्रॉवरमध्ये टाकलेलं नाही. मी टेबलावर असतो, औषधांच्या बाटल्यांच्या शेजारी, स्क्रू आवळलेल्या अवस्थेत. पुष्पलताबाई भाजी आणायला बाजारात आल्या की दोन मिनिटं आत डोकावतात. दात दुखतात असं सांगतात. दात दुखत नसतात. त्या मला उचलतात, उजेडात धरतात आणि ठेवून देतात.

तेव्हा तुम्ही कधी या गल्लीत दात दाखवायला आलात आणि वाट पाहता पाहता चाळा म्हणून मला हातात घेतलंत, तर खुशाल घ्या. पाना म्हणा, हरकत नाही. नख कोरायचं असेल तर तेही कोरा, तेवढी मला सवय आहे. फक्त माझा स्क्रू सैल करू नका. माझ्या या दोन जबड्यांमध्ये एक लेक तिच्या मायजवळ ठेवलेली आहे.